‘अजून लवकर आहे’ आणि ‘आता उशीर झाला’

पत्र थोडक्यात: एकतीस वर्षांच्या एका वाचक मैत्रिणीला आठवा महिना लागला आहे. बाळंतपण दुसरं. पहिलं साडेतीन वर्षांपूर्वी झालं, नॉर्मल. तारीख उलटून गेल्यामुळे तेव्हा सलाईनमधून कळांचं औषध सुरू केलं होतं. पोटाला मॉनिटरचे पट्टे, उताणं पडून राहायची सूचना आणि नवरा दाराबाहेर. त्यांनी एपिड्युरल, म्हणजे कळांचं दुखणं कमी करायला पाठीतून नळीने देतात ते औषध, मागितलं तर ‘अजून लवकर आहे’ असं उत्तर आलं. काही तासांनी परत मागितलं तर ‘आता उशीर झाला, थोडंच राहिलंय’. त्यानंतरचं त्यांना तुकड्यातुकड्यांनी आठवतं. आता तारीख जवळ येते आहे तशी रात्रीची झोप उडाली आहे. आई म्हणते, दुसरं पटकन होतं, कशाला घाबरतेस. जाऊबाई म्हणतात, पाठीतलं इंजेक्शन घेतलं की कायमची कंबर धरते आणि एवढं करून शेवटी सीझरच होतं. नवरा म्हणतो, तू म्हणशील तसं. त्यांनी मनाशी जवळजवळ ठरवलं आहे की डॉक्टरांकडे सरळ सीझरची तारीख मागायची. ‘बाकीच्या बायका सोसतातच ना? मग मी पळपुटी ठरेन का?’ असं त्यांनी विचारलं आहे.

प्रिय मैत्रिणी,

तुमच्या लांबलचक पत्रात कळा किती दुखल्या याबद्दल जेमतेम दोन ओळी आहेत. बाकी सगळं पत्र तुम्ही काय मागितलंत आणि तुम्हाला काय उत्तर मिळालं, याबद्दल आहे. सुरुवात तिथूनच करते. ज्या भीतीपोटी तुम्ही सीझर मागायला निघाला आहात, ती नेमकी कशाची आहे हे आधी पाहायला हवं.

मी भूलतज्ज्ञ आहे. लेबर रूममध्ये मला बोलावतात ते दुखणं कमी करायलाच, त्यामुळे ते किरकोळ असतं असं माझ्या तोंडून कधी निघणार नाही. पण जोरदार कळा सोसूनही त्या दिवसाची आठवण समाधानाने काढणाऱ्या बायका मला भेटल्या आहेत, आणि औषध मिळूनही नंतर कित्येक महिने रात्री दचकून उठणाऱ्याही भेटल्या आहेत. त्यांच्याशी बोलताना एक गोष्ट परत परत समोर येते: काय चाललंय हे तिला कोणी सांगत होतं का, आणि तिने ‘आता सहन होत नाही’ म्हटल्यावर कोणी जागचं हललं का? तुमच्या वेळी कोणी हललं नाही. ते चुकीचं झालं. बाळ सुखरूप निघालं म्हणून ते बरोबर ठरत नाही, आणि त्याबद्दल आज तुम्हाला राग येत असेल तर तो रागही रास्त आहे.

दुसरं असं, की पहिल्या वेळी जे दुखलं तेच बाळंतपणाचं दुखणं, असं तुम्ही धरून चालला आहात. तुमची हकिगत वाचल्यावर मला तसं वाटत नाही. आपोआप सुरू होणाऱ्या कळा हळूहळू चढत जातात. शरीराला त्यांची थोडी सवय होते, दोन कळांमध्ये श्वास घ्यायला उसंत मिळते. सलाईनमधल्या औषधाने आलेल्या कळा बऱ्याचदा लवकर जोर धरतात आणि एकामागोमाग एक येतात. अशा वेळी वेदनाशमनाची गरज जास्त असते. त्यात तुम्ही तासन्‌तास उताण्या. उताणं पडल्यावर भरलेल्या गर्भपिशवीचा भार मागच्या मोठ्या रक्तवाहिनीवर येतो. त्याने आईचा रक्तदाब उतरू शकतो आणि कंबर तर भरून येतेच. मॉनिटरचे पट्टे लावलेले असले तरी कुशीवर वळता येतं, खुर्चीत बसता येतं, पलंगाशेजारी उभं राहता येतं. पहिल्या टप्प्यात, म्हणजे पिशवीचं तोंड पूर्ण उघडेपर्यंत, बसणं-चालणं-उभं राहणं आणि पडून राहणं यांची तुलना करणारे प्रयोग २०१३ साली कॉक्रेन या संस्थेने एकत्र तपासले. हिंडत्या-फिरत्या बायकांचा तो टप्पा सरासरी सव्वा तासाहून अधिक लवकर संपला होता आणि एपिड्युरलची मागणीही त्यांच्यात कमी होती.

आणि तुम्ही एकट्या होतात. बाळंतपणात पूर्ण वेळ कोणीतरी सोबत असणं ही निव्वळ मायेची गोष्ट नाही. पंधरा हजारांहून जास्त बायकांवरच्या प्रयोगांमधून दिसलं आहे की सलग सोबत असली की कळांचा काळ थोडा कमी होतो, औषध कमी लागतं आणि नैसर्गिक प्रसूतीचं प्रमाण वाढतं. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ च्या सूचनांमध्ये प्रत्येक बाईला तिच्या पसंतीची सोबत मिळावी असं स्पष्ट म्हटलं आहे. तेव्हा सलाईन, उताणं पडणं आणि एकटेपणा या तीन गोष्टी त्या दिवशी तुमच्या दुखण्यात भर घालत होत्या. त्यांतल्या निदान दोन या वेळी नक्की टाळता येतील.

आता त्या दोन उत्तरांकडे वळते, कारण ती दोन्ही मी फार ठिकाणी ऐकली आहेत.

‘अजून लवकर आहे’ यामागे एक जुनी समजूत आहे. पिशवीचं तोंड चार-पाच सेंटीमीटर उघडायच्या आत एपिड्युरल दिलं तर कळा मंदावतात आणि सीझर करावं लागतं, असं पूर्वी मानत. २००५ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये यावरचा एक मोठा प्रयोग छापून आला. पहिलटकरणींना लवकरच्या टप्प्यात पाठीतून औषध दिलं होतं, आणि त्यांच्यात सीझरचं प्रमाण वाढलं नाही. उशिरा औषध मिळालेल्यांपेक्षा त्यांच्या कळांचा काळ तर थोडा कमीच भरला. नंतरच्या अभ्यासांतही तेच दिसलं. अमेरिकेतल्या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या आणि भूलतज्ज्ञांच्या संघटना तर म्हणतात की दुसरी काही अडचण नसेल तर बाईने मागणं हेच वेदनाशमन देण्यासाठी पुरेसं वैद्यकीय कारण आहे. सेंटीमीटर मोजत थांबायचं कारण नाही.

‘आता उशीर झाला’ हे मात्र कधीकधी खरं असतं. नळी बसवायला दहा-वीस मिनिटं लागतात, औषध चढायला आणखी पंधरा-वीस. बाळाचं डोकं दिसायला लागलं असेल तर तोवर बाळ बाहेर आलेलं असेल. पण आठ सेंटीमीटर झाले म्हणून दार बंद, असं नसतं. बाई दोन कळांच्या मध्ये काही मिनिटं स्थिर बसू शकत असेल आणि बाळाला अजून अवकाश असेल तर देता येतं. घाई असेल तर मणक्यातल्या पाण्यात थोडं औषध सोडून पाच-एक मिनिटांत आराम देण्याची पद्धतही आहे. म्हणून तुम्हाला कोणी ‘उशीर झाला’ म्हटलं तर ते तपासणी करून आणि कारण देऊन म्हणायला हवं. ‘तपासलं, बाळ दहा मिनिटांत येईल’ असं सांगितलं तर बाई ते समजून घेते. दारातून म्हटलेल्या ‘थोडंच राहिलंय’ने ती खचते.

तुमच्या आईचं म्हणणं याच मुद्द्याला येऊन भिडतं. दुसरं बाळंतपण सहसा लवकर उरकतं, यात त्या बरोबर आहेत. तोंड पाच सेंटीमीटर उघडल्यावर जो वेगाचा टप्पा सुरू होतो तो पहिलटकरणीत बारा तासांपर्यंत चालू शकतो, पुढच्या खेपेला सहसा दहाच्या आत संपतो आणि पुष्कळदा त्याहून बराच आधी. जोर करण्याचा टप्पा पहिल्या वेळी तीन तासांपर्यंत, नंतर बहुतेकदा दोनच्या आत. पण यातून ‘मग कशाला घाबरतेस’ असं निघत नाही. वेळ थोडा असतो म्हणून या वेळी लवकर दवाखान्यात पोचायचं आणि लवकर मागायचं, असं निघतं.

पाठीमागे काय चाललंय ते दिसत नाही, म्हणून त्या इंजेक्शनची धास्ती जास्त वाटते. ते कसं देतात ते सांगते. तुम्हाला पलंगाच्या कडेला बसवतात, पाय स्टुलावर, उशी पोटाशी कवटाळलेली, हनुवटी छातीला. मांजर पाठ काढते तशी कंबर मागे काढायची, म्हणजे मणक्यांमधल्या फटी उघडतात. पाठीला गार औषध लावतात, ते खरंच खूप गार लागतं. मग बारीक सुईने कातडी बधिर करतात, ती काही सेकंद चुरचुरते. त्यापुढे दुखत नाही, पण कोणीतरी अंगठ्याने आत रेटतंय असं जाणवतं. मध्येच कळ आली तर ‘कळ येतेय’ म्हणायचं, डॉक्टर हात थांबवतात. नळी सरकवताना कधी एका पायात क्षणभर झिणझिणी जाते. तेव्हा दचकून हलायचं नाही, ‘डाव्या पायात’ किंवा ‘उजव्या पायात’ एवढं सांगायचं. त्यानंतर सुई बाहेर येते. पाठीत सुई राहते असं पुष्कळ जणींना वाटतं, पण राहते ती फक्त दोऱ्याएवढी मऊ नळी, चिकटपट्टीने खांद्यापर्यंत नेलेली. तिच्यावर खुशाल झोपता येतं.

पहिल्यांदा पाय कोमट होतात. मग तीन-चार कळांमध्ये कळेचं टोक बोथट होत जातं. पोट घट्ट होतंय हे कळतं, खाली दाब कळतो, पण जीव कासावीस होत नाही. हा दाब कळायलाच हवा, जोर करताना तो कामी येतो. हल्ली औषध बरंच सौम्य वापरतात, त्यामुळे पाय अगदी लाकडासारखे होत नाहीत, कुशीवर वळता येतं.

कधी एका बाजूला चढतं आणि दुसरीकडे दुखतच राहतं. ब्रिटनमधल्या प्रसूती-भूलतज्ज्ञांची संघटना स्वतःच सांगते की सुमारे आठात एकीला एपिड्युरल पुरेसं पडत नाही आणि आणखी काहीतरी करावं लागतं. हे आधीच ठाऊक असलं की ‘माझ्याच नशिबी असं’ म्हणून गप्प बसायची पाळी येत नाही. कूस बदलून, नळी जराशी मागे ओढून, औषध वाढवून किंवा सरळ नळी नव्याने घालून ते बहुधा दुरुस्त होतं. पण त्यासाठी बोलावं लागतं. मी तर म्हणते, उगाच बोललो असं झालं तरी चालेल, पण बोला.

जाऊबाईंना दोष देऊ नका, त्यांनी जे पाहिलं त्यावरून त्या बोलतात. ज्या बायकांचं बाळंतपण लांबतं, बाळ आडमुठं वळलेलं असतं, कळा जास्त दुखतात, त्याच एपिड्युरल जास्त मागतात आणि त्यांच्यातच सीझरही जास्त होतात. बघणाऱ्याला वाटतं, इंजेक्शन दिलं म्हणून सीझर झालं. २०१८ च्या कॉक्रेन आढाव्यात चाळीस प्रयोग आणि अकरा हजारांहून जास्त बायका होत्या. एपिड्युरलमुळे सीझरचं प्रमाण वाढलेलं दिसलं नाही. कायमच्या कंबरदुखीतही फरक नव्हता. सुई टोचल्याची जागा दोन-चार दिवस दुखते. बाकीची कंबर गरोदरपणातल्या भाराने, ढिल्या झालेल्या सांध्यांनी आणि नंतर वाकून वाकून पाजण्याने दुखते, आणि ती इंजेक्शन न घेतलेल्यांचीही तेवढीच दुखते. बाळांच्या प्रकृतीतही फरक सापडला नाही. जन्मल्याबरोबर प्रकृती जोखायला बाळाला जे अपगार गुण देतात ते व्हर्जिनिया अपगार या भूलतज्ज्ञ बाईंनी १९५३ साली मांडले. बाळंतिणीला दिलेल्या भुलीचा बाळावर काय परिणाम होतो, ही काळजी त्यामागे होती. म्हणजे ‘बाळाला काही होणार नाही ना’ हा तुमचा प्रश्न आमच्या पेशाने फार पूर्वीपासून गांभीर्याने घेतलेला आहे.

याची दुसरी बाजूही सांगायलाच हवी. एपिड्युरलने बाळंतपण थोडं लांबतं. जुन्या अभ्यासांत चिमटा किंवा व्हॅक्यूम लावावा लागण्याचं प्रमाण जास्त होतं. २००५ नंतरच्या, म्हणजे सौम्य औषधाच्या काळातल्या अभ्यासांत ते वाढलेलं दिसत नाही. हाताला सलाईन लागतं, दर थोड्या वेळाने रक्तदाब मोजतात, लघवीसाठी नळी घालावी लागू शकते. अंगाला खाज सुटते, थंडी भरल्यासारखं कापरं येतं, कधी ताप येतो. रक्तदाब लक्षात येण्याइतका उतरणं साधारण पन्नासात एकीला होतं, त्यावर लगेच औषध असतं. शंभरात एकीला नंतर जबर डोकेदुखी होते. बसलं की दुखतं आणि आडवं झालं की थांबतं, अशी तिची खूण आहे. तसं झालं तर घरी अंगावर काढू नका, भूलतज्ज्ञांना कळवा. तुमचंच थोडं रक्त घेऊन पाठीत त्या जागी सोडलं की पुष्कळदा काही तासांत आराम पडतो. नसेला इजा होऊन पायात तात्पुरता बधिरपणा हजारात एकीला येतो, सहा महिन्यांपलीकडे टिकणारी इजा तेरा हजारांत एकीला.

काहींना एपिड्युरल देता येत नाही. प्लेटलेट फार कमी असतील, सुई टोचायच्या जागी संसर्ग असेल, रक्त पातळ करणारी इंजेक्शनं चालू असतील तर अडचण असते. त्या इंजेक्शनांच्या बाबतीत डोसनुसार शेवटच्या टोचणीनंतर बारा ते चोवीस तास जाऊ द्यावे लागतात. मणक्याची शस्त्रक्रिया झालेली असेल तर आधी कागद दाखवून बोलणं बरं. हे सगळं कळा सुरू व्हायच्या आधी कळायला हवं, ऐन वेळी नाही.

समजा दुसरं बाळंतपण इतक्या वेगाने झालं की एपिड्युरलला वेळच मिळाला नाही, किंवा भूलतज्ज्ञ दुसऱ्या शस्त्रक्रियेत अडकले. तेव्हाही तुमचे हात रिकामे राहू नयेत. माझा पेशा एपिड्युरलचा असला तरी मला वाटतं की प्रत्येक बाईला किमान दोन मार्ग ठाऊक असावेत.

नायट्रस ऑक्साइड आणि ऑक्सिजन निम्मे-निम्मे मिसळलेला वायू मास्कने किंवा तोंडातल्या नळीने घेता येतो. याची एक खुबी आहे. तो चढायला अर्धा मिनिट लागतो, म्हणून कळेची चाहूल लागताच ओढायला सुरुवात करायची. कळ पूर्ण भरल्यावर ओढला तर आराम मिळेस्तोवर कळ ओसरलेली असते, आणि मग बायका म्हणतात, याचा काही उपयोग नाही. मास्क स्वतःच्याच हातात ठेवायचा, दुसऱ्याने तोंडावर धरायचा नाही. डोकं हलकं होतं, मळमळतं, पण सोडला की काही मिनिटांत शरीरातून जातो. दुखणं पूर्ण जात नाही, पण काहींना तेवढा आधार पुरतो. बी-१२ खूप कमी असेल तर तसं आधी सांगा.

पेथिडीनसारखं इंजेक्शन दंडात किंवा मांडीत देतात. वीसेक मिनिटांत गुंगी येते, दोन-चार तास टिकते. माझं स्पष्ट मत आहे की त्याने दुखण्यापेक्षा शुद्ध जास्त कमी होते. तुमच्यासारख्या ‘तुकड्यातुकड्यांनी आठवतं’ म्हणणाऱ्या बाईला ते नकोसं वाटू शकतं. शिवाय जन्माच्या अगदी आधी दिलं तर बाळ सुस्त राहतं, श्वास आणि दूध ओढणं मंदावतं. त्यामुळे दुसऱ्या, झपाट्याने चाललेल्या बाळंतपणात ते जपूनच द्यावं लागतं. काही मोठ्या रुग्णालयांत रेमिफेंटॅनिल नावाचं अल्पजीवी औषध बटण दाबून स्वतःच घ्यायची सोय असते. त्यात श्वासावर सतत लक्ष ठेवणारी व्यक्ती शेजारी असणं अत्यावश्यक आहे.

औषधाशिवायच्या गोष्टींना मी दुय्यम मानत नाही. कोमट पाण्याच्या टबात बसल्याने एपिड्युरलची गरज कमी झालेली दिसली आहे. टब नसेल तर शॉवरचं गरम पाणी कंबरेवर घेऊन पाहा. कळ येताना माकडहाडाच्या वर तळहाताने घट्ट रेटून धरणं हे सोबतच्या माणसाला दोन मिनिटांत शिकता येतं. दुखणं सगळं कंबरेतच असेल तर तिथे चार ठिकाणी निर्जंतुक पाण्याची बारीक टोचणी देतात. अर्धा मिनिट गांधीलमाशी चावल्यासारखं झोंबतं, पण नंतर कंबर तास-दोन तास हलकी राहते. बाळाचं डोकं खाली आल्यावर गरम पाण्यात पिळलेलं फडकं खालच्या बाजूला धरलं तर मोठ्या फाटण्याचं प्रमाण कमी होतं. हे सगळीकडे सहज करता येण्याजोगं आहे आणि मागितल्याशिवाय फार क्वचित मिळतं.

आता सीझरबद्दल. तुम्ही दोन टोकं धरली आहेत: एकीकडे तशाच कळा परत, दुसरीकडे ऑपरेशन. मधला सगळा भाग, म्हणजे वर लिहिलं ते, तुम्हाला पहिल्या वेळी कोणी दाखवलाच नाही. सीझरमध्ये दुखणं टळत नाही, नंतर येतं. पोटाचे थर कापलेले असतात. पहिले काही दिवस कुशीवर वळताना, खोकताना, हसताना टाके ओढतात. कित्येक आठवडे बाळापेक्षा जड काही उचलायचं नाही असं सांगतात, आणि तुमच्या घरात साडेतीन वर्षांचं एक मूल ‘मला घे’ म्हणून हात वर करून उभं असणार आहे. पुढे आणखी मूल हवं असेल तर पिशवीवरच्या व्रणाजवळ वार रुजण्याचा धोका दर सीझरमागे वाढतो. उलट तुमची एक प्रसूती नैसर्गिक झालेली आहे, त्यामुळे दुसरीही तशीच सुरळीत व्हायची शक्यता खूप चांगली आहे.

पण हे वाचून, सगळं समजून घेऊनही तुम्हाला सीझरच हवंसं वाटलं, तर तो निर्णय मी चुकीचा म्हणणार नाही. पहिल्या अनुभवाची भीती हे खरं कारण आहे. ब्रिटनच्या अधिकृत मार्गदर्शक सूचनांमध्ये तर लिहिलं आहे की नीट चर्चा झाल्यावरही बाई सीझरवर ठाम असेल तर तिची सोय करावी. फक्त बाकी काही अडचण नसेल तर ते ३९ आठवडे भरल्यावर करा, त्याआधी बाळाला श्वासाचा त्रास होण्याची शक्यता जास्त असते. आणि तो निर्णय रात्री झोप न लागलेल्या अवस्थेत घेऊ नका.

पळपुटेपणाचं म्हणाल तर हा आरोप फार जुना आहे. एडिंबरोच्या जेम्स सिम्प्सन यांनी १८४७ साली बाळंतपणात ईथर आणि मग क्लोरोफॉर्म वापरला, तेव्हा कळा सोसणं हेच नैसर्गिक आणि योग्य, असं म्हणणारे डॉक्टर आणि धर्मोपदेशक पुढे आले. १८५३ साली राणी व्हिक्टोरियाने आठव्या बाळंतपणात क्लोरोफॉर्म घेतला आणि विरोधाची धार हळूहळू कमी झाली. सात बाळंतपणं सोसलेल्या बाईने आठव्या वेळी औषध मागितलं, तिला कोण पळपुटी म्हणेल? दाढ काढताना बधिर करा म्हणणाऱ्याला आपण भित्रा म्हणत नाही. आणि ज्या बायकांना औषध नकोच असतं, जाणीवपूर्वक कळांमधून जायचं असतं, त्यांच्याबद्दल मला तितकाच आदर आहे. दोघींनी स्वतः ठरवलेलं असलं म्हणजे झालं. ‘बाकीच्या सोसतात’ म्हणताना एवढंच विचारा, की त्यांतल्या कितींना निवड होती?

आता या आठवड्यापासून काय करता येईल ते. पहिल्या बाळंतपणाची फाईल मिळवा आणि आत्ताच्या डॉक्टरांसमोर बसून ती वाचून घ्या. कोणत्या तासाला काय झालं, बाळाचं तोंड कोणीकडे होतं, औषध किती वाढवलं, हे कळलं की तुमच्या आठवणीतले तुकडे जागेवर बसायला मदत होईल. मग ३६ आठवड्यांच्या आत भूलतज्ज्ञांची एक भेट मागा. त्यांना विचारा: रात्री आणि सुट्टीच्या दिवशी भूलतज्ज्ञ इमारतीत असतात की घरून येतात? यायला किती वेळ लागतो? ते मोकळे नसतील तर तुमच्याकडे दुसरं काय आहे? कळा सुरू असताना मला उठून बसता येईल का? सोबत कोण आत येऊ शकतं? उत्तरं गोलमोल आली तर दुसरीकडे चौकशी करायला अजून वेळ आहे. बाळंतपणाची जागा बदलणं हा काही अपराध नाही.

एका कागदावर चार-पाच ओळी लिहून फाईलच्या पहिल्या पानाला लावा: मागच्या वेळी काय झालं, या वेळी मला लवकर वेदनाशमन हवं आहे, प्रत्येक तपासणीनंतर मला काय आढळलं ते सांगा. त्यात ‘माझा विचार बदलू शकतो’ हेही लिहा, कारण कदाचित या वेळी कळा इतक्या वेगळ्या असतील की तुम्हाला काहीच लागणार नाही.

नवऱ्याला ‘तू म्हणशील तसं’ या वाक्यावर थांबू देऊ नका. ते प्रेमाने म्हटलेलं आहे, पण कळांमध्ये असलेली बाई भांडू शकत नाही, तेव्हा तिच्या वतीने बोलणारं कोणी लागतं. त्यांचं काम नेमकं ठरवून द्या. तुम्ही औषध मागितलं की त्यांनी सिस्टरना जाऊन सांगायचं, वेळ लिहून ठेवायची, पंधरा मिनिटांत कोणी आलं नाही तर परत जायचं. कंबर कशी रेटायची तेही आत्ताच शिकून घेऊ देत. त्यांना जमणार नसेल तर बहीण, आई, मैत्रीण, जिचा आवाज अशा वेळी कापत नाही ती निवडा.

झोप उडणं, तो प्रसंग डोळ्यांपुढे परत उभा राहणं, दवाखान्याच्या वासाने छातीत धडधडणं असं काही होत असेल तर समुपदेशकाकडे किंवा मानसोपचारतज्ज्ञाकडे आत्ताच जा, बाळंतपण होईपर्यंत थांबू नका. वाईट गेलेल्या बाळंतपणाचा असा घाव राहतो हे त्यांना माहीत असतं आणि त्यावर उपचार आहेत.

शेवटी एक गोष्ट, जी दुसरटकरणींना क्वचितच कोणी आधी सांगतं. टाके घालावे लागले तर ते जागा बधिर करूनच घालायचे. सुई जाणवली तर थांबायला सांगायचं, एपिड्युरलची नळी असेल तर त्यातूनच औषध वाढवता येतं. आणि बाळाला पाजताना पिशवी आकसते तेव्हा पोटात ज्या कळा येतात, त्या दुसऱ्या खेपेला पहिल्यापेक्षा बऱ्याच जास्त जाणवतात. पॅरासिटामॉल आणि आयबुप्रोफेन या गोळ्या पाजत्या आईला चालतात. दम्याचा, पोटातल्या अल्सरचा किंवा मूत्रपिंडाचा त्रास असेल, किंवा रक्तदाब वाढलेला असेल तर आयबुप्रोफेन घ्यायच्या आधी विचारा. कोडीनची गोळी मात्र पाजताना टाळा. पहिले दोन-तीन दिवस या गोळ्या दुखण्याची वाट न बघता ठरल्या वेळेला, पाजायच्या अर्धा तास आधी मागून घ्या.